पास, रिवर्क, रिजेक्ट: रोजच्या क्रिप्टिक कोड्याचा अभिप्राय

मिक्सर घेतला की लोक आठ दिवसांत त्याच्यावर अभिप्राय लिहून मोकळे होतात. मी माझी वस्तू अकरा वर्षं रोज वापरतोय, म्हणजे चार शब्द लिहायचा हक्क मला पोचतो. वस्तू म्हणजे 'द हिंदू' या इंग्रजी पेपरात येणारं रोजचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे सरळ न विचारता वाकडं विचारणारं शब्दकोडं. पंधरा बाय पंधराची चौकट, काळे-पांढरे चौकोन, आडवे-उभे मिळून तीसच्या आसपास संकेत. पेपरच्या किमतीतच येतं, वेगळं काही मोजावं लागत नाही. चार्जिंग लागत नाही. एक पेन्सिल लागते, खोडरबर लागतं, आणि घरच्या माणसाची सोसायची तयारी लागते.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. आमच्या खात्याचं काम सोपं आणि वाईट. दुसऱ्यानं रात्रभर घाम गाळून ओतलेलं कास्टिंग सकाळी उचलायचं आणि त्यावर रंगाचा पट्टा मारायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे परत भट्टीत. व्हर्नियर, गेज हे सगळं नंतर. पहिली हातोडी. कास्टिंग टांगून हलकं ठोकलं की अखंड असेल तर टण्ण वाजतं, आत तडा असेल तर भद्द. नवीन पोरांना मी आधी हे कानानं शिकवायचो आणि मग कागद हातात द्यायचो. कोड्याच्या अभिप्रायात हातोडी कशाला, ते पुढं कळेल.

सवय लावली ती आमच्या मद्रासच्या साहेबांनी. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा पेपर चौपदरी घडी घालून डब्याशेजारी असायचा आणि दही-भात संपेपर्यंत चौकट भरलेली असायची. आम्हाला वाटायचं, साहेब काहीतरी हिशेब करतात. एके दिवशी त्यांनी पेपराच्या कडेला एचपासून ओपर्यंतची अक्षरं ओळीनं लिहिली: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. पुढं कंसात पाच. म्हणाले, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द आहे, सांगा.

आम्ही तिघं-चौघं अक्षरं उलटीसुलटी करत बसलो. एकानं तर मधली सोडून देऊन बघितली. साहेब शांतपणे ताक पीत होते. शेवटी म्हणाले, "अक्षरं बघू नका. काय लिहिलंय ते मोठ्यानं सांगा. कुठून कुठपर्यंत?" मी म्हटलं, "एच टू ओ." आणि माझी भाकरी हातातच राहिली. एच टू ओ. पाणी. वॉटर, पाच अक्षरं. हे जुनं गाजलेलं कोडं आहे हे मला खूप नंतर कळलं. पण त्या दिवशी आत कुठंतरी टण्ण वाजलं ते खरं.

तरीही नवशिक्याला पहिले सहा महिने म्हणजे नुसता मार आहे, हे आधीच सांगतो. फ्लॉवर म्हटलं की आपण फूल समजतो. इथं ते 'फ्लो' होणारं काहीतरी, म्हणजे नदी, आणि तीही बहुतेक वेळा इंग्लंडमधली तीन अक्षरांची, डी नाहीतर एक्स. वर्कर म्हणजे कामगार नव्हे, मुंगी किंवा मधमाशी. खलाशी म्हणजे टार. डक म्हणजे शून्यावर बाद, म्हणून ओ. मेडन म्हणजे निर्धाव षटक, म्हणून एम. इथं क्रिकेट बघणाऱ्याला जरा फायदा होतो. हॉट आणि कोल्ड म्हणजे नळावरचे एच आणि सी. सेंट आलं की एसटी लिहायचं, स्ट्रीट आलं तरी एसटी. अर्धं आयुष्य स्टँडवर गारगोटी गाडीची वाट बघण्यात काढलेल्या माणसाला एसटी म्हणजे संत, हे पचायला वेळ लागला.

पहिलं अख्खं कोडं सुटायला मला चौदा महिने लागले. त्या पेपरावर तारीख घातलेली आहे. बायकोनं तो दोनदा रद्दीत घातला, मी दोनदा परत काढला.

आता मूळ माल. क्रिप्टिक म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःला नीट कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेही मराठीत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पेट्रोल नाही, दूध नाही, बाहेरगावचा पेपर तर नाहीच. आमची गल्ली मंगळवार पेठेत, पाणी आमच्यापर्यंत आलं नव्हतं. सकाळी गल्लीतल्या बायकांनी केलेल्या चपात्या शाळेत पोचवायच्या, तिथं पुरातून आलेली माणसं होती. दुपारी मात्र हात रिकामे. लोकांचे संसार पाण्यात आणि मला कोडं नाही म्हणून चैन पडत नाही, हे कुणाला सांगायचीसुद्धा लाज.

शेजारच्या मास्तरांना ते न सांगता कळलं. मास्तर हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले. खासबागेजवळच्या चहाच्या टपरीवर आमची रोजची बैठक. म्हणाले, "आण्णा, तुमचं ते क्रिप्टिक असतं तरी काय? आमच्या पेपरातल्यासारखंच ना? आकाश, दोन अक्षरी, नभ?"

म्हटलं, नव्हे. तिथं शब्द माहीत असला की संपलं. इथं शब्द माहीत असूनही हात बांधलेले असतात. दाखवू कसं, तर पेपर नाही. मग बिलाच्या मागं मीच एक लिहिलं:

गरिबाला आवर, जिथं कोल्हापूर हवा खायला जातं (३)

मास्तरांनी आधी अर्थ लावला. गरिबाला आवरा, म्हणजे हे महागाईवर आहे का? हीच पहिली चूक. संकेतात जे चित्र दिसतं ते फसवायला असतं. संकेताचे दोन तुकडे करायचे. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, दुसऱ्या टोकाला तो शब्द जुळवायची कृती, आणि दोन्हींचा सांधा असा घासलेला की बोट फिरवलं तरी लागू नये. मी म्हटलं, "महागाई सोडा. गरिबाला दुसरा शब्द सांगा."

"दीन. दरिद्री. निर्धन. रंक." मास्तर थांबले. "आवर म्हणजे... आळा. रंक, आळा." मग टपरीच्या फळीवर थाप मारून ओरडले, "रंकाळा! अ अधिक आ, सवर्णदीर्घ संधी झाला की हो!"

टपरीवाला दचकून बघायला लागला. पण मी मास्तरांना अजून सोडलं नव्हतं. विचारलं, संकेतातला कुठला शब्द बिनकामाचा राहिला? त्यांनी बोटांवर मोजलं. गरीब झाला, आवर झाला, उरलेलं सगळं मिळून तळ्याकाठचा फेरफटका. एकही शब्द शिल्लक नाही. हाच तो नियम. या खेळातले जुने जाणते सांगतात की कोडं घालणाऱ्यानं मनात एक आणि वर दुसरं दाखवावं, पण जे लिहिलंय त्याचा अक्षर न् अक्षर हिशेब लागला पाहिजे. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरून करून आले: तवा उलटा, अंधार पळाला (२). उत्तर वात. तवा उलटा वाचला की वात, हे झकास. पण मी पिवळा पट्टा मारला. अंधार पळाला हा वातीचा अर्थ नव्हे, तो वातीचा परिणाम. असं चाललं तर चहा या शब्दाला झोप उडाली म्हणून चालेल. मास्तर जरा रागावले. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाच्या वहीवर कुणी पेन्सिल लावली की राग येणारच. संध्याकाळी परत आले ते रिवर्क करून: तवा उलटला, दिव्यात जळते ती (२). हिरवा. वर मलाच सुनावलं, "उलटं वाचून सरळ करायची युक्ती तुमच्या इंग्रजांची नव्हे. वाल्या कोळी मरा मरा म्हणत बसला आणि राम झालं, ते काय होतं?"

त्या आठवड्यात माझा सगळ्यात चांगला माल निघाला तो हा: गीताली मनात जपते पैलवानांची जागा (३). मास्तर दोन दिवस गीतालीच्या मागं. कोण ही, कुठल्या पेठेतली, पैलवानावर मन बसलंय म्हणजे घरच्यांचा विरोध असणार, अशी अख्खी प्रेमकथा त्यांनी रचली. आणि हे सगळं आम्ही बोलतोय कुठं, तर तालमीच्या पायरीवर बसून. शेवटी मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि 'गीताली मनात' यातली पहिली आणि शेवटची अक्षरं बोटांनी झाकली. ता, ली, म. शब्द मधोमध उघडा पडलेला. मास्तर काही बोलले नाहीत, मान वर करून पाटी वाचली आणि चहा मागवला.

कागल त्यांनी घातलं: कालच्या पोटात गची बाधा, हायवेवरचं गाव (३). काल या शब्दाच्या मध्ये ग. ओतकामात साच्याच्या आत आम्ही कोअर बसवतो, तसलं हे काम, आणि गची बाधा हा खास आपल्याकडचा माल, इंग्रजाला जन्मात जमायचा नाही. मग कलम मोडलं, चिखलात उगवतं (३). इथं मोडणं हा इशारा, अक्षरं विस्कटायची आहेत. हे सोपं होतं, टपरीवरच्या पोरानंच कमल म्हणून सांगितलं. बायकोनं तर स्वयंपाकघरातून, आमच्या खेळाचं नावगावही माहीत नसताना, सांगितलं: बसायला, पाण्याला, आणि दुसऱ्यांदा संसाराला (२). पाट. तीन अर्थ, एक शब्द, तक्रारीला जागा नाही. हिरवा पट्टा, आणि त्या दिवशी भांडी मी घासली.

मराठीत करून बघितल्यामुळं इंग्रजी कोड्याची खरी सोय कुठं आहे ते कळलं. त्यांची अक्षरं सुटी. इलेव्हन प्लस टूची अक्षरं विस्कटली की ट्वेल्व्ह प्लस वन होतं, आणि बेरीज दोन्हीकडं तेराच. आपल्याकडं काना-मात्रा अक्षराला चिकटून येते. नवरा विस्कटून वानर करायला गेलात तर काना भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, बायकोला कितीही पटलं तरी. शिवाय इंग्रजीत लिहितात एक आणि म्हणतात दुसरं, त्यामुळं ऐकायला सारख्या शब्दांवर त्यांचे डझनभर संकेत उभे राहतात. आपण लिहितो तसंच वाचतो. फार तर दिन आणि दीन, पाणि आणि पाणी एवढ्यावर भागवायचं.

म्हणून मराठीत हे होणार नाही असं मात्र मास्तर मानत नाहीत. ते लगेच पन्हाळ्याकडं हात करतात. मोरोपंत तिथले, जन्म १७२९. ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं रामायण त्या माणसानं रचलं. प, फ, ब, भ, म काहीच नाही. म नाही म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही, एवढी अट स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलेली. "आणि तुम्ही आम्हाला पंधरा बाय पंधराची चौकट दाखवताय," मास्तर म्हणाले. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पूर ओसरला, हायवे सुटला, पेपर आला. आठ दिवसांनी चौकट बघितली तेव्हा एक गंमत झाली. पूर्वी मी सोडवायचो तो फक्त उत्तरासाठी. आता संकेत कसा ओतलाय ते दिसायला लागलं. सांधा कुठं लपवलाय, कुठला शब्द दोन कामं करतोय, कुठं घालणारा स्वतःशीच हसला असेल. साचा करणाऱ्या मोल्डरचा हात कास्टिंगवर ओळखू येतो तसा घालणाऱ्याचा हात ओळखू यायला लागला. 'हिंदू'त ही मंडळी टोपणनावानं येतात: ग्रिडमन, आर्डन, बझर, आफ्टरडार्क, इन्कॉग्निटो, आणखीही. चेहरा माहीत नाही, पण सकाळी नाव वाचलं की आज किती वाजेपर्यंत अडकणार याचा अंदाज मी बांधतो. अंदाज चुकतो ही गोष्ट वेगळी.

टोपणनावांची चाल विलायतेतली, आणि तिच्यामागं एक काळी गंमत आहे. क्रॉसवर्ड जन्मलं न्यूयॉर्कच्या एका पेपरात, २१ डिसेंबर १९१३ ला, आर्थर विन यांच्या हातून, शंकरपाळीच्या आकारात. पण सरळ विचारायचं सोडून वाकडं विचारायची कला वाढली इंग्लंडात. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पेपरात असली कोडी घालणाऱ्यानं नाव घेतलं टॉर्क्वेमाडा. हा स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली माणसं छळणारा अधिकारी. त्याच्यामागून आलेल्यानं दुसऱ्या तसल्याच अधिकाऱ्याचं झिमेनीज हे नाव घेतलं. तिसऱ्यानं डेझा नावाचा तिसरा छळक शोधला, त्याची अक्षरं उलटी केली आणि एझेड झाला. ए टू झेड हेही त्यात आलं. म्हणजे आपण काय करतोय याबद्दल या लोकांच्या मनात काही शंका नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातला किस्सा मास्तरांचा आवडता. १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरायच्या आधी 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत युटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून, ओव्हरलॉर्ड हे मोहिमेचे गुप्त शब्द एकामागून एक उत्तर म्हणून आले. कोडी घालणारे लेनर्ड डॉ हे शाळेचे हेडमास्तर. गुप्तहेर खात्याची माणसं त्यांच्या दारात. ते हेर नव्हते. "हेडमास्तर," आमचे मास्तर दरवेळी मान हलवून म्हणतात, "स्टाफरूममध्ये काय बोलणी खाल्ली असतील."

साहेब निवृत्त होऊन मद्रासला गेले तेव्हा जाताना मला एक चिठ्ठी देऊन गेले. तिच्यावर इंग्रजीत 'ऑफ' (ओ, एफ) हा शब्द दहा वेळा लिहिलेला आणि कंसात दहा. बाकी काही नाही. तीन आठवडे ती चिठ्ठी माझ्या खिशात होती, घामानं पिवळी पडली. एका दुपारी मी ब्रॅकेटचे दहा-दहाचे ढीग मोजत होतो. एक ढीग झाला, दुसऱ्याला हात घातला आणि थांबलो. ऑफ, टेन टाइम्स. दहा वेळा ऑफ. जोडून लिहा, ऑफनटाइम्स, म्हणजे वारंवार. मधला टी इंग्रज गिळतात म्हणून कानाला लागत नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, काय झालं ओ? मी म्हटलं, काही नाही, मोज. संध्याकाळी साहेबांना फोन केला. ते नुसते हसले, बराच वेळ.

उत्तर बरोबर असलं की टण्ण वाजतं ते असं. अक्षरं चौकटीत बसतात म्हणून भरलेला शब्द बसतो, पण वाजत नाही. नवीन माणसानं हा कान आधी तयार करावा. मी रोज दोन-तीन शब्द असे खोडतो जे सगळ्या आडव्या-उभ्यांत चपखल बसलेले असतात आणि तरीही भद्द वाजतात.

आता तक्रारी. पहिली, इंग्लंडच्या नद्या. त्या मला पाठ झाल्यात, पण का पाठ कराव्यात याचं उत्तर कुणाकडं नाही. आमच्या पाच नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, त्यांना कुणी फ्लॉवर म्हणून विचारत नाही. दुसरी तक्रार पोचवण्याची. पेपर टाकणाऱ्यानं, नाव घेत नाही, आठवड्यातून दोनदा भलताच पेपर टाकायची पद्धत ठेवली होती. एकदा तर सलग चार दिवस गुंतवणुकीचा पेपर. भांडून उपयोग झाला नाही, म्हणून आता मी रोज सकाळी चालत जाऊन स्टॉलवरून आणतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतंच.

मध्यंतरी मुलीनं फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं, पैसे भरून. महिन्यात काढून टाकलं. चुकीचं अक्षर टाकलं की चौकोन लगेच लाल होतो. म्हणजे ठोकून बघायच्या आधीच कुणीतरी कानात सांगतं, कास्टिंग फुटकं आहे. आणि उत्तर बघायचं बटण अंगठ्याखालीच. कागदावर उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, हा मला दोष वाटत नाही. रात्रभर एक संकेत डोक्यात ठेवून झोपायचं आणि पहाटे दूध तापवताना तो सुटायचा, ही या मालाची अर्धी किंमत आहे.

दुसऱ्या एका इंग्रजी पेपराचं कोडं चार महिने घेऊन बघितलं. संकेत वरून गुळगुळीत, आत ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळी. एकदा उत्तर छापून आल्यावरही संकेतातल्या दोन शब्दांना काम काय होतं ते मला, मास्तरांना आणि फोनवर साहेबांनाही सांगता आलं नाही. लाल पट्टा. पेपर बंद.

कुणी घ्यावं? ज्याला लगेच काहीतरी पुरं झाल्याचं समाधान लागतं त्यानं घेऊ नये. इंग्रजी फार भारी पाहिजे असंही नाही. मी मराठी माध्यमातला, सातवीपर्यंत स्पेलिंगला मार खाल्लेला. शब्दकोशाचा उपयोग होतो, पण शेवटची खात्री करायला. स्मरणशक्ती वाढते वगैरे मी सांगणार नाही, चष्मा कुठं ठेवला ते मला रोज शोधावं लागतं. सुरुवात दोघांनी मिळून करावी. एकटा माणूस पहिल्या महिन्यात सोडून देतो, दोघं असले की एकमेकांची लाज वाटून टिकतात. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या डी आणि एक्स नद्यांत वाहून गेला.

मास्तरांनी मराठीचा नाद सोडलेला नाही. गेल्या सोमवारी त्यांनी मला चिठ्ठी दिली: तिप्पट कंबर, जिथं रस्ते फुटतात (३). मी दोन दिवस तिच्यावर घालवले. कंबर म्हणजे कमर, कटी, माज. आधी पाठीच्या कण्याच्या बाजूनं गेलो, मग वारकऱ्यांच्या बाजूनं. बायकोनं कणीक मळता मळता चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "अहो, रोज सकाळी पेपर आणायला जाताय ते कुठनं जाताय?"

मी पेन्सिलीनं समोरच्या स्टीलच्या पेल्यावर ठोकलं. टण्ण. उत्तर इथं लिहीत नाही. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला लागत नाही, आणि बाहेरच्यानं स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारावं.